गाळलेल्या जागांचा इतिहास

इतिहास म्हटला की राज्ये, लढाया आणि तहनामे एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. खेळांना त्यात मानाचे पान सहसा मिळत नाही. मिळालेच तर हस्तिनापुरातल्या द्यूताला मिळते, आणि तेही त्या एका डावापायी कुरुकुळाचा सत्यानाश झाला म्हणून! आज मी वाचकांपुढे जो इतिहास मांडणार आहे तो एका खेळाचा, किंबहुना त्या खेळासाठी छापल्या गेलेल्या लहान लहान पुस्तिकांचा आहे. खेळ अमेरिकेतला, आणि त्याचे वय पन्नास वर्षांहून थोडेसेच अधिक. दिवाळीच्या फराळात हा कुठला परदेशी पदार्थ, असे कोणी म्हणेल. परंतु या पुस्तिकांच्या इतिहासात एक प्रश्न पुनःपुन्हा डोके वर काढतो, आणि कादंबऱ्या लिहिणाऱ्या व शाळेत शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला तो फार जिव्हाळ्याचा वाटतो. गोष्ट कोणाच्या मालकीची? ती रचणाऱ्याच्या, की ज्यांच्यापुढे ती घडते त्यांच्या?

आधी खेळाचे स्वरूप सांगितले पाहिजे. चार-पाच जण एका टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक सूत्रधार होतो. इंग्रजीत त्याला ‘डंजन मास्टर’ म्हणतात, म्हणजे भुयाराचा धनी. बाकीचे एकेक पात्र घेतात. कोणी तलवारबहाद्दर, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार सांगतो, “तुम्ही एका पडक्या गढीच्या दारात उभे आहात. आतून धूर येतो आहे.” आणि विचारतो, “काय करता?” ज्याला जे सुचेल ते त्याने करावे. जेथे यश-अपयशाची खात्री नसते तेथे फासे टाकतात. हे फासे चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचे असतात. खेळाच्या आरंभीच्या काळात ते शाळांना गणिताचे साहित्य पुरविणाऱ्या व्यापाऱ्यांकडून आणावे लागत, हे कळल्यावर मास्तर म्हणून मला उगाचच अभिमान वाटला. या खेळात कोणी जिंकत नाही आणि कोणी हरत नाही. डाव उठतो तेव्हा एक गोष्ट तयार झालेली असते, एवढेच.

हे ऐकून कोकणातल्या वाचकांना दशावताराची आठवण झाली असेल. दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान कोणते लावायचे ते ठरते, सोंगे वाटली जातात, आणि मग राजा व राक्षस रंगमंचावर उभे राहून आपले संवाद जागच्या जागी रचतात. आख्यान ठरलेले, बोलणे मोकळे. अमेरिकेतल्या या खेळालाही पुढे असेच एक ‘आख्यान’ लागू लागले. ते छापून विकले जाऊ लागले तेव्हा त्याला ‘मॉड्यूल’ असे नाव पडले. आपण साहसपुस्तिका म्हणू.

या खेळाचे मूळ शोधीत गेले तर ते एका लष्करी छावणीत सापडते. इ. स. १८२४ च्या सुमारास राइसविट्झ नावाच्या प्रशियन अधिकाऱ्याने आपल्या वडिलांच्या एका खेळाला नवे रूप दिले. नकाशावर ठोकळे मांडून लढाई खेळायची, आणि मध्ये एक पंच बसवायचा. सेनापतीने हुकूम लिहून द्यावा, पंचाने त्याचा परिणाम सांगावा. या पंचातच आपल्या सूत्रधाराचे बीज आहे.

पुढची उडी थेट १९६९ सालची, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातली. डेव्हिड वेसली नावाच्या तरुणाने नेपोलियनच्या काळातली एक लढाई आपल्या मित्रांसाठी मांडली. ब्राउनस्टाइन हे कल्पित जर्मन गाव, आणि त्याच्या दोन्ही अंगांना फौजा. परंतु त्याने एक गंमत केली. काही मित्रांना पलटण न देता गावातला एकेक माणूस करून टाकले. एकाला नगराध्यक्ष केले, असे. झाले! फौजा राहिल्या बाजूला, आणि ही मंडळी एकमेकांत कारस्थाने करू लागली. वेसलीला वाटले, आपला खेळ पार फसला. मित्र मात्र पुन्हा केव्हा खेळायचे म्हणून मागे लागले. त्या मित्रांत डेव्ह आर्नसन होता. १९७१ च्या सुमारास त्याने ‘ब्लॅकमूर’ नावाची किल्ल्या-भुयारांची एक कल्पित भूमी रचून हाच खेळ पुढे चालू ठेवला.

शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचे गाव आहे. तेथे गॅरी गायगॅक्स राहत होता. विमा कंपनीतली नोकरी १९७० साली गेल्यावर घराच्या तळघरात जोडे दुरुस्त करून तो संसार चालवी आणि उरलेल्या वेळात लढायांच्या खेळांचे नियम लिही. १९७२ च्या अखेरीस आर्नसनने आपला खेळ त्याला दाखविला. गायगॅक्सने तो कागदावर उतरविला, मित्रांसह एक लहानशी कंपनी काढली, आणि जानेवारी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आला. एका पेटीत तीन बारीक पुस्तिका, किंमत दहा डॉलर. पहिल्या हजार प्रती संपायला जवळजवळ वर्ष लागले.

आता अडचण पाहा. नियम मिळाले, परंतु गोष्ट कोठे होती? ती प्रत्येक सूत्रधाराने घरी बसून रचायची होती. भुयाराचा नकाशा काढायचा, कोणत्या खोलीत कोणता राक्षस आणि कोणत्या पेटीत किती मोहरा हे ठरवायचे. टी.एस.आर. या गायगॅक्सच्या कंपनीचा समज असा की, या रचण्यातच खेळाचा आनंद आहे, तेव्हा तयार गोष्ट विकत कोण घेणार? आपल्याकडच्या सुगरणींनाही विकतच्या चकल्यांविषयी एके काळी असेच वाटत असे. १९७५ साली आर्नसनच्या ‘ब्लॅकमूर’ या पुरवणीत ‘टेंपल ऑफ द फ्रॉग’ म्हणजे बेडकाचे देऊळ हे साहस छापले गेले, ते या खेळाचे पहिले छापील साहस. परंतु पुरवणीच्या पोटातले. स्वतंत्रपणे विकले गेलेले पहिले साहस म्हणून ‘पॅलेस ऑफ द व्हॅम्पायर क्वीन’चे नाव घेतात. पीट व ज्युडी केरेस्टन या जोडप्याने ते १९७६ साली काढले. त्यात नकाशे होते आणि खोलीवार तक्ते होते. अमुक खोली, आत अमुक प्राणी, त्याचा जीव एवढा, धन एवढे. गोष्ट अशी फारशी नव्हतीच. त्याच वर्षी इलिनॉय राज्यातल्या डेकेटर गावी बॉब ब्लेडसॉ आणि बिल ओवेन यांनी ‘जजेस गिल्ड’ ही संस्था काढून तयार नगरे आणि तयार भुयारे विकण्यास आरंभ केला, आणि गिऱ्हाइकांची रीघ लागली. रोज घरी स्वयंपाक करणाऱ्यालाही एखाद्या दिवशी आयते ताट हवे असते, हे टी.एस.आर.ला तेव्हा उमगले.

आणखीही एक कारण घडले. खेळाच्या जत्रांत चढाओढी होऊ लागल्या. जुलै १९७५ मध्ये बाल्टिमोर येथे ‘ओरिजिन्स’ नावाची पहिली परिषद भरली, तेव्हा तेथे अनेक टोळ्यांना एकाच भुयारातून जायचे होते. सर्वांची परीक्षा सारखी व्हायची तर प्रश्नपत्रिकाही एकच हवी. तेव्हा गोष्ट लिहून काढणे भाग पडले. गायगॅक्सने या चढाओढीसाठी रचलेले ‘टूम ऑफ हॉरर्स’ पुढे १९७८ साली छापले गेले. हे थडगे म्हणजे मरणाचे कोठार आहे! एका भिंतीवर हिरव्या सैतानाचे तोंड कोरलेले आहे. आत मिट्ट काळोख. भुयाराची वाट समजून जो आत शिरेल तो कायमचा नाहीसा होतो. फासे टाकण्याची संधीसुद्धा नाही. पुस्तिकेसोबत चित्रांची एक वेगळी चोपडी होती, ती सूत्रधाराने खेळाडूंना दाखवायची. चित्र नीट पाहणारा जगला, घाई करणारा गेला. परीक्षक म्हणून मी या रचनेला पैकीच्या पैकी गुण देईन. परंतु कुटुंबात खेळण्यासाठी ते निवडू नये असेही सांगेन. १९७८ च्याच उन्हाळ्यात दैत्यांच्या तीन गढ्यांवरच्या तीन पुस्तिका निघाल्या. त्या टी.एस.आर.ने काढलेल्या पहिल्या सुट्या साहसपुस्तिका. त्यांच्या सुट्या वेष्टनाच्या आतल्या बाजूस फिकट निळ्या रेघांचा नकाशा असे. वेष्टन उभे केले की नकाशा सूत्रधाराकडे आणि चित्र खेळाडूंकडे.

माझ्या मनात मात्र घर केले आहे ते यानंतरच्या दोन पुस्तिकांनी. दोन्ही नवशिक्यांसाठी लिहिलेल्या. पहिली माइक कारची ‘इन सर्च ऑफ द अननोन’. दोन वीर आपली डोंगरातली हवेली सोडून गेले आहेत, आणि ती ओस पडली आहे. कारने प्रत्येक खोलीचे वर्णन दिले आणि खाली कोरी ओळ सोडली: राक्षस अमुक, धन अमुक. शेवटी राक्षसांची व धनाची यादी दिली आणि सूत्रधाराला सांगितले, आता तूच भर. मी ही पाने प्रथम पाहिली तेव्हा मोठ्याने हसलो. हा तर आमचा शाळेतला प्रश्न, ‘गाळलेल्या जागा भरा’! फरक इतकाच की येथे उत्तरपत्रिका तपासायला कोणी नाही. प्रत्येकाचे उत्तर बरोबर.

दुसरी गायगॅक्सची ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’, म्हणजे सीमेवरची गढी. नवशिक्यांच्या पेटीतच ही पुस्तिका घालून मिळू लागल्यामुळे १९८० च्या आगेमागे ती घरोघर जाऊन पोहोचली. गढीत किल्लेदार आहे, लोहार आहे, पुजारी आहे. परंतु एकालाही नाव नाही. नावे सूत्रधाराने ठेवायची. गढीबाहेर एक घळ आहे, तिच्या दोन्ही अंगांच्या गुहांतून निरनिराळ्या जमातींचे राक्षस राहतात. त्यांचे आपसात पटत नाही. गॉब्लिन नावाचे बुटके राक्षस संकट येताच शेजारच्या एका धिप्पाड ओग्रपुढे मोहरांची थैली फेकतात, मग तो त्यांच्या बाजूने लढतो.

आमच्या शाळेत पावसाळ्यात खेळाचा तास बुडतो. अशा काही तासांत आठवी-नववीच्या सहा मुलामुलींना घेऊन मी ही गढी मराठीतून चालविली. ओग्रची गोष्ट कळताच एक मुलगा म्हणाला, “सर, ते त्याला देतात त्याच्या दुप्पट आपण देऊ!” आणि लढाई टळली. पुढच्या एका गुहेत मात्र लढाई झाली, राक्षस पडले, आणि मी पुस्तिकेत लिहिले होते तसे वाचले: आतल्या दालनात त्यांच्या बायका आणि पोरे आहेत. वर्ग एकदम शांत झाला. एका मुलीने विचारले, “सर, यांचं काय करायचं?” मी पुस्तिका पाहिली. तेथे संख्या होती, उत्तर नव्हते. मग ती सहा मुले तासभर भांडली. सोडले तर मोठी होऊन परत येतील, असे एकाचे म्हणणे. आपणच त्यांच्या घरात शिरलो, असे दुसरीचे. अखेर त्यांना वाट मोकळी करून द्यायची आणि जिंकलेल्या धनातला निम्मा वाटा त्यांच्यापुढे ठेवायचा, असे ठरले. न्याय, दया आणि परक्याचे घर या विषयांवर मी वर्षभर निबंध लिहून घेतो. परंतु इतके जीव तोडून कोणी लिहिलेले मला आठवत नाही. पुस्तिकेतली ती जागा गायगॅक्सने मुद्दाम कोरी ठेवली होती की त्याच्या नजरेतून निसटली होती, याने मला काहीच फरक पडत नाही. ती कोरी होती म्हणून मुलांना बोलता आले.

त्याच सुमाराची, १९७९ सालची, जेनेल जॅक्वेज हिची ‘कॅव्हर्न्स ऑफ थ्रेशिया’ ही पुस्तिकाही विसरून चालणार नाही. तिच्या भुयाराला अनेक दारे, अनेक जिने. एका वाटेने गेलेला दुसऱ्याच वाटेने बाहेर पडतो. जॅक्वेज जानेवारी २०२४ मध्ये वारली. परंतु जाणते सूत्रधार आजही नकाशा कसा असावा हे तिच्याकडूनच शिकतात.

आता कथानकाने आपले माप पदरात घातले. ट्रेसी आणि लॉरा हिकमन हे तरुण जोडपे घरीच साहसे रचून छापीत असे. राक्षस दिसला की मारा आणि पेटी दिसली की लुटा, याला ती दोघे कंटाळली होती. त्यांचे म्हणणे असे की, खेळाडूंपुढे लुटीहून मोठे काही ध्येय असावे, भुयार कोणी व का बांधले याला अर्थ असावा, आणि गोष्टीला एक-दोन बैठकांत गाठता येईल असा शेवट असावा. १९८२ च्या सुमारास ट्रेसीने आपली साहसे टी.एस.आर.ला विकावयास काढली ती मुलांच्या पायांत बूट घालता यावेत एवढ्यासाठी, असे त्याने स्वतःच सांगितले आहे. एकाने जोडे शिवता शिवता हा खेळ उभा केला, आणि दुसरा बुटांसाठी त्यात आला! १९८३ साली या जोडप्याचे ‘रेव्हनलॉफ्ट’ निघाले. धुक्याने वेढलेले खोरे, डोंगरावर वाडा, आणि त्यात काउंट स्ट्राड हा रक्तपिपासू सरदार. त्याच्यामागे त्याच्या विफल प्रेमाची कहाणी आहे. कथानक कादंबरीसारखे घट्ट. तथापि एक जागा त्यांनी हुशारीने मोकळी सोडली. आरंभी एक म्हातारी पत्ते पाहून भविष्य सांगते, आणि साध्या पत्त्यांच्या जोडातून जी पाने निघतील त्यांवर स्ट्राडचा डाव कोणता, आणि त्याला मारण्याची साधने कोठे लपली आहेत, हे ठरते. खुद्द सूत्रधाराला ते आधी ठाऊक नसते.

१९८४ साली हिकमन व त्याचे सहकारी याहून पुढे गेले. ‘ड्रॅगनलान्स’ ही पुस्तिकांची मोठी मालिका आणि तिच्यावरची कादंबरी एकाच वर्षी निघाली. कादंबरी मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांची. ती तुफान खपली. परंतु टेबलावर पेच पडला. कादंबरीतला वीर शेवटपर्यंत जगायला हवा, आणि टेबलावर तर फासे त्याला केव्हाही मारतील! तोडगा असा काढला की, महत्त्वाचे पात्र मेलेच तर त्याचे प्रेत कोणाला दिसू नये, म्हणजे त्याला पुढे परत आणता येईल. लेखक म्हणून मला या तोडग्याचे हसू येते, आणि थोडी धडकीही भरते. कारण आपल्या नायकाला अशीच लबाडी करून जगविण्याचा मोह कोणत्या कादंबरीकाराला होत नाही? खेळणाऱ्यांनी या प्रकाराला ‘रेलरोडिंग’ असे नाव ठेवले. गाडी रुळांवरून जाते, खिडकीतून देखावाही सुंदर दिसतो; परंतु मध्येच उतरायची सोय नाही.

यावर उपाय नव्हता असे नाही. त्याच १९८४ साली ‘केऑसियम’ या दुसऱ्या कंपनीने, ‘कॉल ऑफ कथुलु’ या दुसऱ्या खेळासाठी, लॅरी डिटिलिओ आणि लिन विलिस यांचे ‘मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप’ काढले. काळ १९२५ चा. न्यू यॉर्कमध्ये एका मित्राचा खून होतो, आणि खेळाडूंच्या हाती खरोखरीचे कागद दिले जातात: पत्रे, वर्तमानपत्रातली कात्रणे, शांघायमधल्या एका दारूच्या गुत्त्याची काड्यापेटी. त्यांतून लंडन, कैरो, केनिया, शांघाय अशा वाटा फुटतात. कोठे आधी जायचे ते खेळाडूंनी ठरवायचे. कट पक्का लिहिलेला, प्रवास मोकळा. मला वाटते, त्या भांडणाला मिळालेले हे सर्वांत शहाणे उत्तर होय.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९८६ ते २००७ या काळात ‘डंजन’ नावाच्या मासिकाचे दीडशे छापील अंक निघाले आणि साहसांचा पाऊस पडला. १९९७ मध्ये टी.एस.आर. दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. २००८ साली गायगॅक्स गेला, २००९ साली आर्नसन. २०१४ मध्ये खेळाची नवी आवृत्ती आली, तेव्हा नवशिक्यांच्या पेटीत पुन्हा एक साहस होतेच, ‘लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर’. आणि बत्तीस पानांचे ‘रेव्हनलॉफ्ट’ २०१६ साली अडीचशेहून अधिक पानांचा ग्रंथ होऊन परत आले.

एवढ्या ढिगातून एखादी पुस्तिका निवडायची कशी, असे या सुट्टीत घरातली मुले विचारतील. इतिहासाने जे शिकविले तेच मी सांगेन. आधी पाहावे, खलनायकाला काही हवे आहे का. नुसता खोलीत वाट पाहत बसलेला राक्षस काही कामाचा नाही. मग नकाशा पाहावा. एकाच वाटेचा असेल तर गोष्टही एकाच वाटेची निघणार. तिसरे, खेळाडूंनी लढायचे नाकारले तर पुस्तिका कोलमडते का, हे पाहावे. आणि चालविण्यापूर्वी ती एकदा अथपासून इतिपर्यंत वाचावी, महत्त्वाचे तेवढे एका कागदावर उतरावे, आणि पुस्तिका मिटून बाजूला ठेवावी. पाठ्यपुस्तक हातात धरून वाचणाऱ्या मास्तरापुढे वर्ग झोपतो, तसेच टेबलही झोपते. सूत्रधाराने मान वर करून समोरच्यांचे चेहरे पाहावेत. आख्यानाला पुढे कोठे न्यायचे ते तेथे लिहिलेले असते.

कादंबरीकाराला शेवटचे वाक्य आपले असावे असे वाटते. त्यात वावगेही काही नाही; कादंबरीचा तो धर्मच आहे. परंतु या पुस्तिका लिहिणारी माणसे निराळ्या कुळीतली. त्यांनी दारे बांधली, कुलपे घातली, आत कोण बसले आहे ते नेमून दिले, आणि “काय करता?” हा प्रश्न आला की ती गप्प बसली. त्यांतली जी गप्प बसायला शिकली त्यांच्याच पुस्तिका चाळीस-पन्नास वर्षांनंतर पुनःपुन्हा उघडल्या जात आहेत. यंदा लक्ष्मीपूजनानंतर पाहुणे जमले, की फराळाची ताटे सरकवून टेबल मोकळे करा, एखाद्याला सूत्रधार नेमा, आणि आपल्याच घरातली मुले त्या प्रश्नाला काय उत्तर देतात ते ऐका.